मिठाला गप्प करणारे अप्पा

मला खोली भाड्याने देण्याआधी अप्पांनी माझ्या पाठीवर टिचकी मारून पाहिली होती. मी दारात वळकटी धरून उभा, आणि घरमालक मागून येऊन बरगड्यांवर टकटक करतोय. मला वाटलं, चुकीच्या घरी आलो. पण ते पुढे येऊन म्हणाले, "छाती मोकळी हाय. खोकून आमची झोप न्हाई मोडणार. ऱ्हावा." आणि किल्ली हातावर ठेवली.

कड्याच्या पेठेत त्यांचं किराणा दुकान होतं. वरच्या मजल्यावर मी, खाली मागच्या बाजूला अप्पा आणि काकू. मूलबाळ नव्हतं. अप्पा वाजवून पाहिल्याशिवाय काहीच घेत नसत. नारळ, कलिंगड, माठ हे सगळेच वाजवतात. अप्पा तेलाचे डबे वाजवत, दवाखान्यातलं स्टूल बसण्याआधी वाजवत, आणि एकदा तर मतदानाला गेले तेव्हा त्यांनी मतदानाचं यंत्रही वाजवलं आणि शिपायाच्या शिव्या खाल्ल्या. "डोळा फसतो," ते म्हणायचे. "जीभ तर फसवायलाच दिलीय देवानं. कान तेवढा इमानदार हाय."

मी सबस्टेशनला ऑपरेटर आहे, आणि जात्याच भित्रा. विजेच्या कामात भित्रा माणूस टिकतो, म्हणून मी टिकलो. अप्पांना मात्र मी विजेतला म्हणजे सगळ्या यंत्रांतला वाटायचो. मिक्सर बिघडला की हाक, दुकानातला वजनकाटा हलला की हाक. "ओ करंटवाले, खाली या." पुढे जे झालं त्यात मी ओढला गेलो तो असल्याच एका हाकेने.

ते सांगण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. अप्पा आणि काकू लिंगायत वाणी. दोघांच्याही गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असायचं. दोन्ही डब्या एकाच सोनाराकडच्या, शेजारी ठेवल्या तर ओळखू येऊ नयेत अशा. रोज आंघोळ झाली की डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पूजा करायची आणि मगच अन्नाला हात लावायचा. लिंग गुरूकडून मिळतं आणि ते ज्याचं त्याचं असतं. दुसऱ्याला देता येत नाही, दुसऱ्याचं घेता येत नाही. माणूस गेला की ते त्याच्या हातावर ठेवून त्याच्याबरोबरच जमिनीत जातं. ही माहिती मला काकूंनी दिली, शेंगा निवडता निवडता, आपण साखर किती टाकतो हे सांगावं तशी.

दिवाळीनंतर त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांनी मिळून एक गाडी केली आणि अप्पा-काकूंना घेऊन देवदर्शन करत करत कोकणात उतरले. काकूंनी समुद्र कधी पाहिला नव्हता. निघायच्या दिवशी त्या अप्पांना म्हणाल्या, "गळ्यातला दोरा जुना झालाय, नवा काढा की दुकानातनं." दोरे दुकानात टांगलेलेच होते. अप्पांनी काय करावं? काकूंच्या गळ्यातला दोरा दोन बोटांनी ताणला, तार छेडावी तसा छेडला, कान जवळ नेला आणि म्हणाले, "लई टणक हाय. अजून वर्सभर बघायला नको." मी जिन्यात उभा राहून हे पाहिलं आणि हसलो होतो.

तो दोरा समुद्रात तुटला. काकू घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, लाट आली, त्या बसल्या, आणि उठल्या तेव्हा गळा मोकळा होता. सगळ्या बायाबापड्यांनी अंधार पडेस्तोवर हातांनी वाळू उपसली. काही हाती लागलं नाही.

परत आल्यावर काकूंनी अन्न सोडलं. पूजा नाही तर जेवण नाही, हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की कुणाला आधी खरंच वाटेना. दूध आणि केळं, बस. गावातले स्वामी म्हणजे त्यांचे जंगम पुरोहित घरी आले. वय झालेले, मऊ बोलणारे. त्यांनी समजावलं, "ताई, शास्त्रात सोय हाय. दीक्षा घ्या, मी नवं देतो." काकू म्हणाल्या, "आन् ते तिथं उघडं पडलंय त्याचं काय? माझं मानूस पाण्यात पडलं असतं तर दुसरं करून घेतलं असतं का मी?" स्वामींनी अप्पांकडे पाहिलं. अप्पा खांबावर टिचक्या मारत बसले होते.

मला भीती वाटायला लागली ती तेव्हापासून. सकाळी जिना उतरताना मी आधी काकूंच्या भांड्यांचा आवाज येतो का ते ऐकायचो आणि मगच पुढची पायरी उतरायचो. त्यांचा चेहरा ओढत चालला होता. पाण्याची कळशी उचलताना त्या भिंतीला टेकायच्या. अप्पा दुकानात गिऱ्हाईकाने तूरडाळ मागितली तर साखर द्यायचे. काकू जेवत नाहीत म्हणून तेही ताटावरून अर्धवट उठत, आणि दोघंही एकमेकांना "तुमी खावा की" म्हणत. त्या घरातली ती शांतता मला सहन होत नसे, म्हणून मी ड्यूटी संपली तरी सबस्टेशनवरच बसून राहायचो.

मग एक दिवस हाक आली. "ओ करंटवाले." खाली गेलो तर गादीवर एक मशीन पसरलेलं. लांब दांडी, टोकाला ताटाएवढी चकती, वर एक छोटा पडदा, आणि कानाला लावायचे हेडफोन. पुण्याहून मागवलेलं मेटल डिटेक्टर. जमिनीतलं लोखंड, तांबं, चांदी आवाजाने सांगणारं यंत्र. आयुष्यभर वस्तू वाजवून पाहिलेल्या माणसासाठी जगात कुणीतरी हेच बनवून ठेवलं होतं. अप्पांनी ते लेकराला घ्यावं तसं उचललं. "ऐकून सांगतं," ते म्हणाले. "माझ्याच जातीचं हाय."

आमच्या काळ्या रानात त्याने कमाल केली. बांधावर खिळा, धुऱ्यावर विळ्याचं तुटकं पातं, बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा. अप्पा खुशीत एकटेच कोकणात गेले आणि तिसऱ्या दिवशी पडलेल्या चेहऱ्याने परत आले. ओल्या वाळूवर मशीन जे बोंबलायला लागलं ते थांबेना. चकती कुठेही न्या, खाली काही असो नसो, सारखं वाजतंय. लोक जमले. पोरंटोरं नाचायला लागली. "सगळ्या समुद्रात चांदी हाय म्हनतंय भडवं," अप्पा म्हणाले आणि हेडफोन भिंतीवर मारून पाहिले.

मी मशीनसोबत आलेलं पुस्तक वाचलं. खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून ओली खारट वाळू त्या यंत्राला धातूसारखीच वाटते. मी एवढं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आलो तर अंगणात खड्डा. अप्पांनी नदीतली वाळू आणून त्यात भरली होती आणि दुकानातलं जाडं मीठ पोतंच्या पोतं त्यावर ओतत होते. वरून पाणी. त्यांनी अंगणात समुद्र केला होता. सोनाराकडून त्याच मापाची एक रिकामी चांदीची डबी आणली होती. ती काकूंनी डोळे मिटून कुठेतरी पुरायची आणि अप्पांनी शोधायची.

रोज दुपारी दुकान बंद करून त्यांचा हा सराव चाले. चकती वाळूपासून वीतभर वर न्यायची, खाली आणायची, परत वर. आवाज चढू नये, उतरू नये, एकसारखा यावा म्हणून बटण दाबत राहायचं. काळ्या रानात हे चटकन जुळायचं. मिठात जुळता जुळेना. मी म्हटलं, "अप्पा, याचे कान थोडे मंद करा. सेन्सिटिव्हिटी उतरवा." ते माझ्यावर डाफरले. "शोधायला निघालो आन् कान बंद करू?" पण आठवडाभर मशीनच्या बोंबा ऐकल्यावर त्यांनी स्वतःच एकेक आकडा उतरवला. हळूहळू त्यांना कळलं की मिठाचा आवाज बारीक आणि किरकिरा असतो, चांदीचा भरीव. मिठाला गप्प करायचं, चांदीला नाही. चकती फार हलवायची नाही, झाडू मारल्यासारखी एका उंचीवर, संथ फिरवायची. आणि जिथं ओली वाळू कोरडीला मिळते ती रेघ ओलांडायची नाही, तिथं मशीन सगळ्यात जास्त चळतं. "ओल्यात हिंडायचं तर ओल्यातच हिंडायचं," अप्पा म्हणायचे, आणि ओल्या वाळूच्या त्या चौकोनात घाण्याच्या बैलासारखे फिरायचे.

कान मंद केले की एक तोटा होतो, तो मी त्यांना सांगितला नव्हता. खोलवरचं ऐकू येत नाही. अप्पांनी तो आपणच शोधला. एकदा काकूंनी डबी हातभर खाली पुरली आणि मशीन वरून तीनदा गेलं तरी गप्प. अप्पांनी हेडफोन काढले. "तिकडं हातभर खाली गेलं असंल तर?" त्यांनी मला विचारलं. काकू ओट्यावर बसून ऐकत होत्या. मी म्हटलं, "लाटा वर आणतात," आणि हे खरं आहे की नाही ते मला आजही माहीत नाही.

अंगणात खड्डा, त्यात मीठ, माणूस गोल फिरतोय आणि बाई डोळे मिटून काहीतरी पुरते आहे. शेजाऱ्यांनी याचा अर्थ लावायचा तो लावला. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे गुप्तधन. दुकानाचं गिऱ्हाईक कमी झालं. बाया पोरांना आमच्या दारावरून जाताना पदराखाली घ्यायला लागल्या. मग एका दुपारी पांढऱ्या जीपमधून पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ आला, सोबत दोन दांडगे गडी. बोलणं इतकं गोड की मला जिन्यातच घाम फुटला. "अप्पा, मशीन एक दिवस द्या. आमच्या रानात जुनं देऊळ हाय, त्याच्या मागं काम हाय. तुमी बी चला. तुमच्यासारखा जाणकार पायजे." गडी काकूंकडे बघत होते. गुप्तधनाच्या नादी लागलेली माणसं काय काय करतात ते आमच्या भागात ऐकलेलं असतं. आधी कोंबडं बळी देतात, मग काय देतील ते सांगता येत नाही. मी वर जाऊन दाराला कडी लावावी की खाली उतरावं, या विचारात तिथेच उभा राहिलो.

अप्पा म्हणाले, "न्या की. पर आधी वाजवून बघा." त्यांनी मशीन उचललं, पाठमोरे होऊन बटणं दाबली आणि पाहुण्याच्या हातात दिलं. पाहुण्याने ते मिठावर नेलं तर बोंबललं. अंगणातल्या ओल्या फरशीवर नेलं, तिथे मिठाचं पाणी वाहिलं होतं, तिथेही बोंबललं. हौदाच्या कडेला बोंबललं, पायातल्या बुटावर बोंबललं. "बघा," अप्पा कपाळाला हात लावून म्हणाले, "मिठावर बी वाजतंय, बुटावर बी वाजतंय. लई महागात फसलो. तुमच्या वळखीचं कुणी गिऱ्हाईक असंल तर सांगा, इकून टाकतो." पाहुण्याने मशीन खाली ठेवलं, अप्पांकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि जीपमध्ये बसला. जीप वळल्यावर अप्पा मटकन ओट्यावर बसले. "कान पार वर चढवून दिले होते त्याचे," ते म्हणाले. "घाबरलं की सगळंच ऐकू येतं. मशीन असो का मानूस." त्यानंतर ते समुद्राला जायची घाई करायला लागले. मीही सोबत जावं असं काकूंनी सांगितलं. त्यांचा आवाज तेव्हा इतका बारीक झाला होता की मी नाही म्हणू शकलो नाही.

समुद्र मीही पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला तो अजिबात आवडला नाही. सतत काहीतरी अंगावर येतंय आणि परत जातंय. पाणी मागे सरलं की अप्पा ओल्या पट्ट्यात उतरायचे, चकती वरखाली करून मशीन जुळवायचे आणि पाण्याला समांतर चालायला लागायचे. मशीन आता गप्प होतं. इतकं शहाण्यासारखं वागत होतं की मला त्याचा अभिमान वाटला. वाजलं की मी खुरप्याने उकरायचो. बाटल्यांची झाकणं निघाली, नाणी निघाली, कुणाची तरी बांगडी, एक गंजलेला गळ. प्रत्येक भरीव आवाजाला अप्पा हेडफोन सरकवून डोळे मिटून उभे राहायचे आणि मी काय काढतो ते पाहायचेच नाहीत, खुरप्याला लागून जे वाजेल त्यावरून ओळखायचे. "झाकण," म्हणायचे आणि पुढे चालायला लागायचे. पाणी परत चढायला लागलं की मी ओरडायचो आणि ते ऐकायचे नाहीत, कारण कानाला हेडफोन. दोनदा मी त्यांना गुडघाभर पाण्यातून दंडाला धरून ओढून काढलं. मुक्काम वाढत गेला. घरून शेजारणीचा फोन यायचा की काकू आज उठल्या नाहीत, आज दूधही नको म्हणाल्या.

दूधही नको हा फोन आला त्या दिवशी अप्पा मला म्हणाले, "करंटवाले, जरा तिकडं तोंड करून हुबे ऱ्हा." मला वाटलं, लघवीला जायचं असेल. मी डोंगराकडे तोंड केलं. मागे वाळू उकरल्याचा आवाज आला. मग हेडफोन न लावलेल्या मशीनची ती वरखाली होणारी कुईकुई, मग शांतता, मग एक भरीव, गोल आवाज, जो मी अंगणात इतक्या वेळा ऐकला होता की झोपेतही ओळखला असता. वळलो तर अप्पा गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांच्या ओंजळीत वाळूने भरलेली चांदीची डबी होती.

"घावलं," ते म्हणाले.

मी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. सदऱ्याच्या वरच्या गुंडीपाशी नेहमी दिसणारा दोरा तिथे नव्हता.

"अप्पा," मी म्हटलं, "हे तर..."

"मशीननं वाळूतनं काढलं," ते म्हणाले. "मी म्हनलो का कुठनं आलं म्हणून? तिला म्हननार, मशीन वाजलं आन् वाळूत घावलं. ह्यातलं काय खोटं हाय ते सांगा."

खिशातून त्यांनी सोनाराची ती रिकामी डबी काढली, वाजू नये म्हणून तिच्यात कापूस दाबून भरला आणि नव्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. एसटीत रात्रभर ते एका हाताने ती डबी धरून होते. मला देवाची भीती वाटत होती, काकूंची वाटत होती, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या तोंडाची, कारण माझ्या तोंडात काही राहत नाही.

काकूंनी डबी घेतली, आंघोळ करून आल्या, दार लोटून घेतलं. आम्ही दोघं ओट्यावर. अप्पा टिचकी मारायलाही विसरले होते. बऱ्याच वेळाने दार उघडलं. काकू म्हणाल्या, "भाकरी टाकते. दोघं बी हात धुवा." त्या दिवशी त्यांनी पिठलं केलं होतं. घास तोंडात घातला आणि त्यांना ठसका लागला, आणि अप्पांनी पाण्याचा तांब्या इतक्या घाईने पुढे केला की निम्मा सांडला. मी पिठल्यात मीठ आहे की नाही हे बघायच्या मनःस्थितीत नव्हतो.

खड्डा बुजवला. त्या जागी पुढे काही उगवलं नाही. मशीन माळ्यावर गेलं. काकूंच्या अंगावर हळूहळू मांस चढलं आणि अप्पांच्या अंगावरचं उतरायला लागलं. रात्रीचं जेवण त्यांनी बंद केलं. पित्त होतं म्हणायचे. मी एकट्यात गाठून म्हटलं, "स्वामींना सांगा, गुपचूप नवं घ्या." ते म्हणाले, "स्वामी गुपचूप देतील, पर पेठ गुपचूप न्हाई ऱ्हात. आन् तिच्या कानावर गेलं की ती परत ताट सारील. एक येळ जेवतो ना मी? लई झालं." एक वेळ जेवायचे तेही काकू समोर बसलेल्या असत म्हणून. स्वामी घरी आले की अप्पा सदऱ्याची गुंडी लावून घ्यायचे. मला त्यांच्याकडे पाहवत नसे. रोज वाटायचं, आज कुणीतरी म्हणेल, अप्पा, डबी उघडा.

ती वेळ दीड वर्षाने आली. अप्पा दुकानात माप धरूनच गेले. मी ड्यूटीवरून धावत आलो तोपर्यंत त्यांना आंघोळ घालून, विभूती लावून, त्यांच्याकडच्या रिवाजाप्रमाणे बसवलेलं होतं, पाठीला भिंतीचा आधार देऊन. अंगणभर माणसं. भाऊबंद, पेठेतले वाणी, करणी म्हणणारे शेजारी, सगळे. स्वामी समोर बसले होते. आता अप्पांच्या गळ्यातली डबी उघडून लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवायचं होतं.

आता ती डबी उघडणार आणि आतून कापूस निघणार, सगळ्यांदेखत. वाणी समाजात ज्या माणसाने आयुष्यभर मापात मारलं नाही, तो गळ्यात रिकामी डबी घालून फिरत होता असं म्हणतील. आणि काकूंना कळेल, आता, या क्षणी. पुढे होऊन काहीतरी सांगावं म्हणून मी माणसांतून वाट काढायला लागलो. स्वामींची बोटं डबीच्या फिरकीवर होती.

"थांबा, स्वामी," काकू म्हणाल्या. "त्यात काय न्हाई."

काकूंनी आपल्या गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला, डबी उघडली, लिंग कपाळाला लावलं आणि अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवून त्यांची बोटं एकेक करून मिटली.

"हे त्यांचं हाय," त्या म्हणाल्या. "माझं समुद्रातच हाय. तीस वर्सं माझं तळहातावर घेतलं मी, मला वजन कळंना व्हय? पैल्याच दिशी कळलं."

"मग ताई," स्वामी हळूच म्हणाले, "तुमी जेवलात कावून?"

"मी जेवत नव्हते तवर ते बी जेवत नव्हते," काकू म्हणाल्या. "स्वतःचं लिंग वाळूत पुरून आणलं होतं त्यांनी. आता आनि काय आणायला लावू?"

मग त्यांनी अप्पांच्या गळ्यातली ती सोनाराची डबी सोडवली, आतला कापूस नखाने उकरून काढला आणि डबी कानाजवळ नेऊन तिच्यावर टिचकी मारली. सगळ्या अंगणात ऐकू गेलं. माझ्या शेजारी कुणीतरी हुंदका दिला, बहुतेक मीच.

"चांगली हाय," काकू म्हणाल्या आणि ती उघडी डबी त्यांनी स्वामींच्या पुढे धरली. "ह्यांची माती झाली की ह्याच्यात द्या मला नवं."